उलटून बघितलेला गुण्या

मित्रांनो, कटंगीच्या एका सुतारकामाच्या पडवीत, रंध्याशेजारच्या खुंटीवर मी टांगलेला असतो. सागवानाच्या दोन पट्ट्या काटकोनात जोडून मला केले आहे. मला गुण्या म्हणतात. कोपरा बरोबर आहे की नाही, हे मी सांगतो. निदान सांगतो असा समज आहे.

१९५८ साली शालिकराम मिस्त्रींनी मला घडवले. चार वर्षे माझा शब्द कुणी मोडला नाही. मग एका दसऱ्याला, पूजेआधी, मळ निघावा म्हणून त्यांनी मला दिवसभर बादलीत बुडवून ठेवले, उन्हात वाळवले आणि कुंकू लावले. त्यानंतर माझ्या सांध्यात काहीतरी हलल्यासारखे मला वाटू लागले. पण मी मनाचा भित्रा. म्हटले, भास असेल.

पुढच्याच महिन्यात गावातल्या शेवंताबाईंच्या नव्या घराच्या खिडक्या बसेनात. मिस्त्री म्हणाले, चैतराम गवंड्याची भिंत वाकडी. दोघांचे बोलणे बंद झाले. मग दाराची चौकट तिरकी निघाली. ती नथ्थूने केली होती. चाळिशीचा हा माणूस लामता गावातली शेतमजुरी सोडून सुतारकाम शिकायला आला होता. मिस्त्रींनी हाकलले असते, तर दुसऱ्या कुणी त्याला उभे केले नसते.

"नथ्थू, चौकट तिरकी काहून झाली?"

"मामाजी, म्या गुण्या लावूनच खुणा केल्या."

"गुण्या लावला, अन् डोये झाकले. तुह्या हातात वखरच शोभते. उद्याच्या मोटारीनं लामत्याले जाय."

नथ्थू उठला नाही. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मला घाम फुटायचाच बाकी होता.

"जातो मामाजी. पण एक डाव याले उलटून पाहू द्या."

"देवाले पारखतो का रे?"

दारात मिस्त्रींची बायको अंजनाबाई तांदूळ निवडत बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, "देवाले दिवसभर बादलीत कोनं बुडवलं होतं?"

मिस्त्रींनी मला नथ्थूच्या हातात दिले. नथ्थूने सरळ कडेच्या फळीला मला टेकवून एका ठिपक्यापासून रेघ मारली. मग मला उलटे केले आणि त्याच ठिपक्यापासून दुसरी रेघ मारली. मी खरा असतो, तर दोन्ही रेघा एक झाल्या असत्या. त्या टोकाशी दोन सूत, म्हणजे पाव इंच, फाकल्या.

मिस्त्रींनी स्वतः पुन्हा रेघा मारून पाहिल्या. मग खाली बसले.

"खिडक्या तर मीच केल्या होत्या," ते हळूच म्हणाले.

"हौ," अंजनाबाई म्हणाली.

त्यांनी माझी कड रंध्याने थोडी थोडी उतरवली. रेघा जुळेपर्यंत दुपार झाली. मग ते चपला घालून चैतरामकडे गेले. जाताना नथ्थूला एवढेच म्हणाले, "ती चौकट खोल. दोघं मिळून करू."

आता मिस्त्री नाहीत. पडवी नथ्थू सांभाळतो. दसऱ्याला तो कुंकू लावतो, पण खुंटीला. मला कोरड्या फडक्याने पुसतो आणि रोज सकाळी, कामाआधी, फळीवर उलटून बघतो. इतकी वर्षे झाली, त्याचा माझ्यावर अजून विश्वास नाही.

मित्रांनो, तुमच्याही हाती एखादे हत्यार येईल. त्याला एवढाच मान द्या.