जप्तीत गेलेली पेटी

मी पेटी बोलतेय. कपड्यांची नव्हे, बाजाची. सध्या माझा मुक्काम रत्नागिरीतल्या एका सरकारी कोठीत आहे. एका बाजूला जप्तीत आलेली सायकल, दुसऱ्या बाजूला कुणाचं तरी लोखंडी कपाट.

माझा जन्म मिरजेचा. सागवानी अंग, पितळी सूर. पद्मजाच्या वडिलांनी मला लेकीसाठी घेतलं आणि लग्नानंतर तिच्याबरोबर मीही सासरी आले. नवरा श्याम. माणूस वाईट नव्हता, हे मला सांगायलाच हवं. तो बँकेत नोकरीला होता, पण जीव धंद्यात. त्याने बाजारात रेडिओ-पंख्यांचं दुकान काढलं. नोकरी सांभाळून धंदा करायची परवानगी नव्हती, म्हणून दुकान बायकोच्या नावावर केलं.

संध्याकाळी पद्मजा गात असली की तो कागद घेऊन यायचा. माझ्याच पाठीवर कागद ठेवून ती सही करायची. “वाचून तरी बघ,” असं तो म्हणायचाही. “तुम्ही बघितलंत ना?” एवढं बोलून ती पुन्हा सुरांकडे वळायची.

पुढे त्यांचं बिनसलं. का, ते मला पुरतं कळलं नाही. भांडणं नव्हती, बोलणंच संपलं होतं. दोघांच्या संमतीने कोर्टात घटस्फोट झाला. दुकान बंद पडलं, श्यामने मुंबईला बदली करून घेतली. पद्मजाने रत्नागिरीतच, मांडवीला दोन खोल्या भाड्याने घेतल्या आणि गाण्याचे वर्ग सुरू केले. मुली यायच्या, खिडकीतून खारा वारा यायचा. ते दिवस बरे होते.

शहाऐंशी साली विक्रीकराची नोटीस आली. दुकान चालू असतानाचा कर भरलाच नव्हता. त्यावर व्याज, त्यावर दंड. नाव पद्मजाचं.

ती कोर्टाचा निकाल घेऊन कचेरीत गेली. तिथला साहेब सभ्य होता. त्याने निकाल नीट वाचला आणि परत दिला. “बाई, घटस्फोट तुमचा नवऱ्याशी झाला,” तो म्हणाला. “दुकानाशी नाही.” घरी येऊन तिने हे आपल्या बहिणीला, कमळाला सांगितलं, तेव्हा मी कोपऱ्यात होते.

कमळाने श्यामला कळवलं. तो खरंच आला. सतरंजीवर अवघडून बसला.

“अहो, चहा घेणार?” पद्मजाने विचारलं. नातं संपलं तरी जिभेवरचं ‘अहो’ संपलं नव्हतं.

दोघं मिळून कचेरीत गेली. तिथे काय झालं, ते पद्मजा नंतर कमळाला सांगत होती तेव्हा मी ऐकलं. श्याम म्हणाला, धंदा सगळा माझा होता, हिने नुसत्या सह्या केल्या. साहेबाने कोरा कागद पुढे केला. हे लिहून द्या, म्हणाला. मात्र याची प्रत बँकेला जाईल. श्यामने पेन उघडलं, बराच वेळ धरून ठेवलं आणि टोपण लावलं. त्याचं दुसरं लग्न झालं होतं, घरात तान्हं मूल होतं. नोकरी गेली असती.

परतल्यावर तो दारातच उभा राहिला. “मला जमलं नाही,” म्हणाला. पद्मजाने मला पुढे ओढलं आणि मुलींचा वर्ग सुरू केला. रडली ती नंतर, मुली गेल्यावर.

जप्तीवाले आले तेव्हा वर्ग चालू होता. कचेरीचा साहेब, दोन पंच आणि केरू शिपाई. एक मुलगी गाता गाता थांबली.

“एवढं गाणं होऊ द्या,” पद्मजा म्हणाली.

साहेबाने चपला काढल्या आणि गाणं संपेपर्यंत तो दारात उभा राहिला. मग त्याने नियम चाळले. शिवणयंत्र असतं तर पोटापाण्याचं साधन म्हणून सोडता आलं असतं, म्हणाला. पेटीबद्दल काही लिहिलेलं नाही. केरूने मला उचललं. “बाय, माज्या हातात काय नाय वो,” एवढंच तो पुटपुटला. पद्मजाने माझ्यावर आपलं जुनं लुगडं नीट गुंडाळून दिलं.

पुढे लिलाव पुकारला. गर्दी चांगली होती. गाण्याच्या मुलींचे वडील आले होते, भाट्याची भजनी मंडळी आली होती. मागे, भिंतीला टेकून पद्मजा उभी होती. साहेबाने माझं नाव पुकारलं. कुणी तोंड उघडेना. पुन्हा पुकारलं. भजनी मंडळातले एक म्हातारे पुढे आले, माझ्यावरून हात फिरवला आणि मागे सरले. “बाईंची पेटी आम्ही कशी घ्यायची?” म्हणाले. लोकांनी माना डोलावल्या. शेजारच्या घड्याळावर बोली लागली, माझ्यावर नाही. लिलाव तहकूब झाला.

त्यानंतरच्या लिलावातही पुन्हा तेच झालं. लोक घरी जाताना एकमेकांना सांगतात, आपण बाईंचा मान राखला. आणि इकडे मी विकली जात नाही, म्हणून देणं फिटत नाही, व्याज चढतंच आहे. आता तिच्या भांड्यांवर जप्ती येणार, असं केरू परवा कुणाला तरी सांगत होता. खाऱ्या हवेने माझे सूर काळवंडलेत, एक पट्टी दाबली तर वर येत नाही.

रत्नागिरीकरांनो, तुम्ही फार चांगली माणसं आहात. पण पुढच्या लिलावाला याल तेव्हा एकाने तरी थोडं वाईट व्हा. तिच्या डोळ्यांदेखत माझ्यावर बोली लावा आणि मला घेऊन जा.