कडेचा घास

चैत्राची सकाळ पुरंदरच्या पायथ्याशी पाऊल न वाजवता उतरली. गडाचा माथा अजून निळा होता, उतारावरचं सुकं गवत सोनसळी झालं होतं, आणि अंगणातल्या अंजिराच्या रुंद, खरखरीत पानांवर ऊन थेंबाथेंबानं मुरत होतं.

सारी झाडं आपली फुलं मिरवतात. पळस मिरवतो, पांगारा मिरवतो, कडुनिंबदेखील आपली इवली पांढरी रांगोळी दारोदार सांडून येतो. अंजिराचं तसं नाही. ते आपली सगळी फुलं फळाच्या पोटात फुलवतं. बंद दाराआड, मऊ अंधारात, कुणाला न सांगता. बाहेरून पाहावं तर नुसतं जांभळट, मुकं फळ.

दामोदरराव तसेच आहेत, असं कुमुदबाईंना वाटे.

मार्गशीर्षात दोघांचं लग्न झालं होतं. कुमुदबाई जन्मभर कन्याशाळेत भूगोल शिकवून एकट्या राहिलेल्या, दामोदरराव अंजिराचे बागाईतदार, बायको जाऊन बरीच वर्षं झालेले. हार घालताना दोघांचेही हात थरथरले. ते प्रेमानं की वयानं, यावर बाईंच्या भाचीनं मैत्रिणीशी पैज लावली होती. पैज कोण जिंकलं, ते अजून ठरायचं होतं.

नद्यांची उगमस्थानं, वाऱ्यांच्या दिशा, भरतीओहोटीची कारणं, सारं बाईंना ठाऊक होतं. या घरातलं एक कोडं मात्र सुटत नव्हतं. रोजचं कोडं. ताटातलं कोडं.

दामोदरराव जेवून उठत, आणि त्यांच्या ताटाच्या कडेला एक घास उरलेला असे.

आवडला नाही म्हणून टाकलेला म्हणावं, तर तो नेहमीच ताटातला सर्वांत चांगला घास असे. भाकरीचा खरपूस पापुद्रा. भरल्या वांग्यातलं सर्वांत कोवळं वांगं. पुरणपोळीचा मधला, मऊ, तूप प्यालेला चतकोर. ताटाच्या डाव्या कडेला, नीट, जपून ठेवलेला. ते काही बोलत नसत. बाईही विचारत नसत.

पण भिंतीवर पहिल्या बायकोचा, शेवंताबाईंचा फोटो होता. चंदनाच्या हाराआडून हसणारा, ठसठशीत कुंकवाचा, भरल्या गालांचा. बाईंनी फोटोकडे पाहिलं, घासाकडे पाहिलं, आणि मनाशी उत्तर मांडलं. घास तिचा आहे.

तेव्हापासून तो घास उचलून त्या कुंपणाच्या भिंतीवर ठेवीत. कावळा येई, मान वाकडी करी, घास उचली, जाई. बाईंना राग येत नसे. गेलेल्या बाईचा राग काय करायचा! फक्त एक प्रश्न उन्हाबरोबर उगवे आणि दिव्याबरोबर पेटे. या घरात आपण त्यांच्यानंतरच्या दुसऱ्या, की शेवंताबाईंनंतरच्या तिसऱ्या?

आज त्यांनी अंजिरं भाजायला घेतली. दोघांपुरती.

झाडाखाली उभं राहून त्यांनी पिकून मऊ झालेली मोजकीच फळं तोडली. देठातून पांढरा चीक आला, बोटांना चिकटला. फळ उभं चिरताच आतलं गुपित उघडं पडलं: लाल, ओलसर, केसरदार, जणू संध्याकाळ घडी घालून कुणी आत ठेवली होती.

दह्यात फुललेला रवा, किसलेला गूळ, दूध, वेलदोडा, चमचाभर तूप. मिश्रण दोन कल्हईच्या वाट्यांत ओतलं. एक त्यांची, एक आपली. वरून अंजिराच्या फोडी मांडल्या. तिसऱ्या वाटीपुरतं काही उरू नये, म्हणून बाईंनी भांडं बोटानं निपटून घेतलं. आज पाहूच, त्या स्वतःशी म्हणाल्या. वाटीला ना डावी कड, ना उजवी. आज घास कुठं ठेवतात ते पाहू.

शेगडीवर जाड बुडाचं पातेलं, पातेल्यात वाळूचा थर, वाळूवर दोन वाट्या. वर झाकण, झाकणावर निखारे. खाली विस्तव, वर विस्तव, मध्ये गोडवा.

आणि आता झाकण उघडायचं नाही. आत काय चाललंय ते वासावरूनच ओळखायचं. आधी तुपाचा वास आला, घरगुती, ओळखीचा. मग गुळाचा, गडद, जरा धुरकट. मग अंजिराचा, जो उशिरा आला आणि सगळ्या घरात हिंडला. माजघरात गेला, फोटोपाशी थांबला, ओसरीवर पोहोचला.

"बाई," ओसरीवरून आवाज आला, "काय चाललंय? वासानं माणूस बागेत जाईना झालाय."

"जाऊ नका मग. बसा पानावर."

वाट्या आल्या. कडा तांबूस, खरपूस. वर अंजिरांचा पाक चकाकणारा. दामोदरराव चमचा चमचा खात होते, डोळे मिटून, सावकाश. बाई मात्र आपली वाटी विसरून त्यांचा हात पाहत होत्या.

तळ दिसू लागला. शेवटी उरली एक फोड, सगळ्यांत लाल, कडेच्या खरपूस तुकड्यासकट. चमचा थबकला. हात इकडेतिकडे जागा शोधू लागला. जागा सापडेना. मग त्यांनी वाटीखालची बशी पुढं ओढली आणि फोड तिच्या डाव्या कडेला अलगद ठेवली.

बाईंनी आपली वाटी बाजूला सारली. पण कुतूहल दुःखाहून चिवट असतं.

"अहो, हा घास कुणाचा?"

"कोणता घास?"

"हा. रोजचा."

दामोदररावांनी बशीकडं पाहिलं. कुणी दुसऱ्यानंच ठेवल्यासारखं पाहिलं.

"रोज ठेवतो मी?"

"रोज."

त्यांनी चमचा वाटीत ठेवला. मग बोलले, फोटोकडं न बघता, झाडाकडं बघत.

"घरात खंडीभर माणसं होती तेव्हा. बायका मागनं बसायच्या. शेवंता माझ्याच ताटात जेवायची. तिच्यापर्यंत गोडधोड पोचायचंच नाही. म्हणून ठेवायचो कडेला. ना तिनं कधी विचारलं, ना मी सांगितलं."

"म्हणजे त्यांचाच," बाई म्हणाल्या. आवाज सांभाळून म्हणाल्या.

"नाही, थांबा." त्यांच्या कपाळाला आठी पडली, ते खरंच शोधत होते. "ती गेल्यावर नव्हतं असं. लेक माहेराला आली की हसायची. म्हणायची, दादा, तुमचं ताट घासायलाच नको. पुसून खायचो की मी. एकट्याचं ताट. कुणासाठी ठेवणार?"

वाऱ्याची एक झुळूक पानांतून खरखरत गेली.

"तुम्ही आलात," ते हळूच म्हणाले, "अन् हातानं पुन्हा सुरू केलं वाटतं. मला न विचारता."

बाई मनाशी महिने मोजू लागल्या. मार्गशीर्ष गेला, पौष गेला, माघ गेला, फाल्गुन गेला. किती पापुद्रे, किती कोवळी वांगी, किती तूप प्यालेले चतकोर!

"मग इतके दिवस त्याचं काय केलंत?" दामोदररावांनी विचारलं.

"कावळ्याला घातलं."

"कावळ्याला?" दामोदरराव हसले, आधी मिशीत, मग खांद्यांत, मग सबंध अंगानं. "म्हणजे इतके दिवस तो काळतोंड्याच माझ्या ताटात जेवतोय म्हणा!"

बाईही हसल्या. हसता हसता त्यांनी बशी ओढली. फोड अजून कोमट होती. आत बारीक बिया दातांखाली कुरकुरल्या, फळाच्या अंधारात फुललेली ती सारी न दिसलेली फुलं जिभेवर उमलली, गोड, किंचित धुरकट, त्यांचीच.

बाहेर कुंपणाच्या भिंतीवर कावळा वेळेवर येऊन बसला होता. त्यानं मान डावीकडं केली, उजवीकडं केली. दाराकडं पाहिलं, पुन्हा पाहिलं. मग पंख झटकून तो गडाच्या दिशेनं उडाला, आणि रित्या भिंतीवर नुसतं ऊन बसून राहिलं.