बिनदाराचं घर आणि आभाळातला गडी

छबूबाईला कडी लावायची सवयच नव्हती. असायची तरी कुठून? सारी उमर शनिशिंगणापुरात गेली, आणि तिथं घराला चौकट असते, दार नसतं. श्रीमंतनं, तिच्या एकुलत्या एका लेकानं, तिला संगमनेरला आणलं आणि आल्या आल्या कुत्र्यानं भाकरी पळवली, मांजरानं दूध सांडलं. सून लंकाबाई दार लावून लावून दमली. बोलली मात्र नाही, भांडी तेवढी जरा जोरात आपटली.

श्रीमंतचं म्हणणं एवढंच, की आईनं आता इथंच राहावं आणि शिंगणापूरचं घर तिथल्याच भावकीतल्या भिमाजीला द्यावं. भिमाजीला तिथं रुईच्या माळांचं न् तेलाचं दुकान थाटायचं होतं. उद्या सकाळी तो उत्तराला येणार होता. छबूबाईचं उत्तर वर्षानुवर्षं एकच: मालक आले तर? मालक म्हणजे तिचा नवरा कारभारी. श्रीमंत रांगत होता तेव्हा ट्रकवर क्लीनर होऊन सुरतेकडं गेला, तो गेलाच. लोकांनी तिला कुंकू पुसायला सांगून पाहिलं. तिनं ऐकलं असेल तर शपथ!

त्या संध्याकाळी गनीभाईच्या रेडिओच्या दुकानात अर्धी गल्ली लोटली, टेलिव्हिजनवर काहीतरी खास लागणार होतं म्हणून. आळीत तो एकच डबा. छपरावर अँटेनाची ही उंच नळी, पुण्याकडं तोंड केलेली. वारा सुटला की चित्र गेलंच. छबूबाई सगळ्यांच्या पुढं बसली. खेळ इंग्रजीतला, त्यामुळं गनीभाई मधे मधे समजावून सांगत होता. एक गडी यानात बसून ताऱ्यांकडं निघतो, बायको अंगणात उभी राहते. तिकडं वर काळ सावकाश चालतो म्हणे. त्याचे दोन-चार महिने, तर हिची अख्खी जवानी.

लोक हसले. काहीच्या काही दाखवतात, म्हणाले. छबूबाई नाही हसली. यान तरंगत होतं, ना आवाज ना धूळ, आणि तिला वाटलं आपणच त्यात बसून खाली बघतोय. खाली काळंभोर रान आणि त्यात एकच मिणमिणता दिवा. तो तिच्याच घरातला होता.

मग तो गडी परतला. मिशीचा एक केस पिकलेला नाही. घरापाशी आला आणि बंद दारावर त्यानं थाप मारली. आत म्हातारी बायको काठी चाचपत होती. नेमका तेव्हाच वारा सुटला, आणि डब्यात नुसती खसखस सांडली.

गनीभाई छपरावर चढला, नळी फिरवली, वरून ओरडून विचारत राहिला, पण चित्र काही आलं नाही. लोक चरफडत घरी गेले. छबूबाई त्या पांढऱ्या ठिपक्यांकडं बघत बसली. तिच्या लेखी ते तारेच होते. दार लावलंच कशाला मेलीनं, असा तिला त्या बाईचा राग आला. आणि मागोमाग रडू आलं. इतकी वर्षं कारभाऱ्याला तिनं मनातल्या मनात स्वतःबरोबर म्हातारं केलं होतं, पाठ वाकवली होती, मिशा पिकवल्या होत्या. आज तो गेला तसाच दिसला, गळ्यात पोपटी रुमाल बांधलेला.

सकाळी भिमाजी आला. श्रीमंतनं तोंड उघडायच्या आत छबूबाईच म्हणाली, दिलं घर. भिमाजी खुशीत उठायला लागला, तसं तिनं त्याला खाली बसवलं.

"तितं कुनी तरना गडी आला, गळ्यात पोपटी रुमाल, तर त्याला पानी दे. म्हनावं, छबू संगमनेरला लेकाकडं हाय. म्हातारी झालीया, हेबी आदीच सांग."

भिमाजीनं मान डोलावली. मग ती लेकाकडं वळली. त्याच्या कानशिलावर पांढरं दिसायला लागलं होतं.

"आन् तू रं. तुज्यापरीस ल्हान दिसत्याल ते. पन बाप हायेत तुजे. अरे-तुरे करू नगंस."

श्रीमंतला बापाचा चेहराही आठवत नव्हता. बाप म्हणून हाक त्यानं जन्मात कुणाला मारली नव्हती.

"आबाच म्हनंन," तो म्हणाला.