बटण्याचं तोंड

डॉक्टरांनी तट्टाच्या वरच्या ओठाला बोट लावायचा अवकाश, बटण्याने मान अशी वर फेकली की बोट हवेतच राहिलं.

"नखरे," डॉक्टर म्हणाले. "निव्वळ नखरे."

त्यांची लेक तट्टाच्या खांद्याशी उभी होती. तेरा वर्षांची, गुडघ्यांना चिखल, वेणीत गवताची काडी. एक तळहात उघडा करून तिने तो बटण्याच्या हनुवटीखाली धरला आणि स्वतः मात्र भिंतीला टेकवलेल्या झाडूकडे बघत राहिली, जगात त्या झाडूखेरीज बघण्यासारखं काही नसल्यासारखी.

"हात रिकामा आहे रे," ती हळूच म्हणाली.

बटण्याने तळहात हुंगला. बराच वेळ हुंगला. डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं, जांभई दिली, बुटाला लागलेलं शेण गवतात पुसलं. शेवटी तट्टाने आपणहून मान खाली घातली आणि तिच्या दुसऱ्या हातातल्या लगामात नाक सरकवलं. त्या लगामात लोखंड नव्हतंच. नाकावरून जाणारा चामड्याचा एक पट्टा आणि त्याला दोन्ही बाजूंनी दोऱ्या, एवढंच.

"आणि बिट कधी घालणार?"

"आज नाही."

"मोठ्या सुट्टीपासून हेच ऐकतोय मी."

"तेव्हा तो हातसुद्धा लावू द्यायचा नाही, बाबा," असं म्हणून ती खोगीर आणायला गेली.

बिट म्हणजे लगामाची लोखंडी कांडी, घोड्याच्या तोंडात आडवी बसते ती. बटण्याच्या आधीच्या मालकाने हिसडे देऊन देऊन त्याच्या तोंडाची पार वाट लावली होती, असं घोडेस्वारीच्या क्लबच्या ताई सांगत. तेव्हापासून लोखंड नुसतं वाजलं तरी तो तबेल्याच्या कोपऱ्यात जाऊन उभा राही. ताई हे सांगताना आवाज खाली आणत, कुणी आजारी असल्यासारखा. डॉक्टरांना त्या आवाजाचा मनस्वी राग येई. भीती म्हणे! दातांचे डॉक्टर होते ते. भीती त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. दिवसभर त्यांच्या खुर्चीत माणसं येऊन बसत, खुर्चीचे हात घट्ट धरत, दात तपासायचा आरसा दिसला की तोंड मिटत. पोलीस, मास्तर, लग्न ठरलेल्या मुली, सगळे सारखेच. "एवढा मोठा माणूस आणि एवढ्याशा आरशाला भितो?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, आणि त्यावर माणूस ओशाळून आ करतो हा त्यांचा अनुभव.

एकदाच तो अनुभव खोटा ठरला होता. लेक सात वर्षांची असताना तिने त्यांच्या बोटाला कडकडून चावा घेतला होता, नर्सने डोकं धरून ठेवलेलं असताना. त्यानंतर ती गावाच्या दुसऱ्या टोकाच्या एका डॉक्टरीणबाईंकडे जाई, आईबरोबर. डॉक्टरांच्या लेखी तोही नखराच. घरात त्यावर कुणी बोलत नसे.

डॉक्टर तबेल्याबाहेर आले. आज क्लबच्या स्पर्धा होत्या. मैदानाच्या कुंपणाशी आईबाप घडीच्या खुर्च्या टाकून बसले होते, आपापल्या पोरांच्या पाठी सरळ आहेत की नाहीत ते तपासत. डॉक्टरांना ही सगळी जमातच फालतू वाटे. त्यातही वकील. वकिलांचा मुलगा एका चकचकीत काळ्या घोड्यावर बसून चालीच्या स्पर्धेसाठी फेऱ्या मारत होता, आणि ऐट मात्र बापाच्या चेहऱ्यावर होती.

"काय डॉक्टर, कन्या यंदाही झेंड्यांच्या शर्यतीत?"

चालीच्या स्पर्धेत बिट लागतंच, असा नियम होता. बिनबिटाच्या लगामाला फक्त झेंडे उचलायची शर्यत खुली. त्यात आठ-आठ वर्षांची शेंबडी पोरं असत.

"बघू," डॉक्टर म्हणाले.

"नाही, म्हटलं, दातांच्या डॉक्टरांचं घोडं आणि तोंडच उघडत नाही!" वकील मांडीवर थाप मारून हसले. शेजारच्या दोन-तीन खुर्च्याही हसल्या.

डॉक्टर तडक सामानाच्या खोलीत गेले. खिळ्याला टांगलेला क्लबचा एक लगाम त्यांनी काढला, बिट रुमालाने स्वच्छ पुसलं आणि ते तबेल्यात शिरले. ज्या कामासाठी पोरगी महिनोन्‌महिने एका तट्टाची मनधरणी करत होती, ते त्यांच्या रोजच्या धंद्याचं काम होतं. तोंड उघडायचं, लोखंड आत घालायचं. यात कौतुक कसलं?

त्यांनी चामड्याचा पट्टा सोडून बाजूला टाकला. बटण्या भिंतीला चिकटला. डॉक्टरांनी डाव्या हाताने त्याचं डोकं काखेत दाबलं, ओठाच्या कोपऱ्यातून अंगठा दात नसलेल्या जागी घातला आणि दाबला. जबडा उघडला. मऊ, गरम, आज्ञाधारक जबडा.

"बाबा!" लेक खोगीर घेऊन दारात उभी होती. "बाबा, नको. सोडा त्याला."

"बघ! दोन मिनिटांचं काम. उगाच एवढं..."

लोखंड दातांवर वाजलं. पुढचं डॉक्टरांना नीट कळलं नाही. काहीतरी कठीण त्यांच्या तोंडावर आदळलं आणि ते गवतात बसले. बटण्या मागच्या पायांवर उठला होता. लेकीने खोगीर टाकून दिलं आणि ती धावली ती बटण्याकडे.

डॉक्टरांनी जीभ फिरवली. पुढचा एक दात अर्धाच लागला. तोंडात रक्ताची चव. लेकीची पाठ त्यांच्याकडे होती.

"मला लागलंय," ते म्हणाले. ओठ सुजायला लागल्याने शब्द बोबडे आले.

"दिसतंय मला," ती वळली नाही. तिचा आवाज रडका झाला होता. "तिथेच बसा. हलू नका. तुम्ही हललात की तो घाबरतो."

आणि डॉक्टर, ज्यांच्यापुढे अख्खं गाव आ करून बसे, शेणाच्या वासात मुकाट्याने बसून राहिले.

तिकडे चालीची स्पर्धा झाली. टाळ्या पडल्या. झेंड्यांच्या शर्यतीसाठी नावं पुकारायला सुरुवात झाली. लेक तशीच तट्टाच्या खांद्याशी उभी होती, तळहात उघडा, नजर झाडूवर. बटण्या हात हुंगायलाही तयार नव्हता. घामाने त्याची मान काळी पडली होती. तिचं नाव पुकारलं गेलं. ताई दारात आल्या, डॉक्टरांचं तोंड पाहिलं, खाली पडलेलं बिट पाहिलं, आणि काही न विचारता म्हणाल्या, "त्यांना थांबवते मी."

"थांबवू नका, ताई. नाही आला तर नाही जाणार आम्ही."

डॉक्टरांना ओरडावंसं वाटलं, ओढ ना त्याला, नाव पुकारलंय तुझं! पण ओठ हलेना. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि हनुवटीखाली धरलेला हात जराही हलत नव्हता, हे ते गवतात बसून बघत राहिले. दुसरं काही बघायला नव्हतंही.

बटण्या शेवटी आला. ती दोघं सगळ्यात उशिरा मैदानात उतरली, एक झेंडा पाडला आणि एका नकट्या आठ वर्षांच्या मुलाच्या मागे पाचवी आली. डॉक्टर रुमाल तोंडाला लावून कुंपणाशी उभे होते. वकिलांनी काय झालं ते विचारलं. डॉक्टर रुमाल तसाच दाबून गाडीकडे निघाले.

संध्याकाळी घरी जाताना त्यांनी गाडी दवाखान्यापाशी थांबवली. दवाखान्याला सुट्टी होती. कळ आता डोळ्यापर्यंत जात होती. दाताची शीर उघडी पडली आहे का, ते बघणं भाग होतं. सुजलेल्या ओठामुळे आरशात त्यांचं त्यांना काही दिसेना.

"आमच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊ या का?" लेकीने विचारलं.

"तिला काय कळतंय! तू बघ. मी सांगतो काय बघायचं ते."

ते खुर्चीत बसले, पेशंटच्या बाजूने. दिवा डोळ्यांवर आला. तो इतका प्रखर असतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं. लेकीने हात धुतले, हातमोजे चढवले, ट्रेमधला छोटा आरसा उचलला. ट्रेवर तो वाजला.

"आ करा."

त्यांनी आ केला. आरसा जवळ आला तसं तोंड मिटलं.

"बाबा."

"हो, हो. कर."

पुन्हा तेच. या वेळी मानही वळली. डॉक्टरांनी खुर्चीचे हात पकडले होते आणि ते त्यांनाच दिसत होते. आता ती त्यांचंच ते ठरलेलं वाक्य म्हणणार, त्यांनी ओळखलं. घरात, दवाखान्यात, जेवणाच्या टेबलावर शंभरदा ऐकलेलं ते वाक्य तिच्या ओठांवर तयारच असणार. आणि म्हटलं तर तिचं काय चुकलं?

लेकीने आरसा ट्रेमध्ये ठेवला, सावकाश, आवाज होणार नाही असा. दिवा बाजूला सारला. हातमोजे काढले. मग खुर्चीला वळसा घालून ती त्यांच्या खांद्याशी येऊन उभी राहिली आणि खिडकीबाहेर बघू लागली. बाहेर एक बंद दुकान होतं, दुसरं काही नव्हतं. तिचा उघडा तळहात त्यांच्या हनुवटीखाली आला. साबण लावूनही त्याला घोड्याचा वास येत होता, आणि बोटांवर दोऱ्यांचे लाल वळ होते.

"हात रिकामा आहे," ती म्हणाली.

डॉक्टर बराच वेळ त्या हाताकडे बघत राहिले. दात ठणकत होता.

"आणि आरसा?" त्यांनी विचारलं.

"आज नाही."

मग त्यांनी हळूहळू तोंड उघडलं.