जाळीचा हात

"त्या खुरप्याला हात लावशील तर बघ!" श्रीपत उंबऱ्यातनं ओरडला, तरी मायानं खुरपं कमरेला खोचलंच.

"मग कोण जाणार आलूच्या खुदाईला? तुम्ही? मेसमधली खरकटी टाकून?"

"मैं जाती हूँ ना, आई!" प्राची पुस्तक आपटून उठली.

"तू बस गप. दहावी हाय तुझी. आलूच्या पाट्या उचलायला शाळेत घातली व्हय तुला?"

झालं, भांडण मिटलं. माया धुक्यात शिरली ती दोन पावलांवर दिसेनाशी झाली.

लखनौजवळच्या बख्शी का तालाबच्या वस्तीत श्रीपतचं घर म्हणजे गावाला फुकटची करमणूक. सातारकडचा गडी, हवाई दलातल्या भावामागं इकडं आला नि ठेकेदाराच्या मेसमध्ये चिकटला. दिवसभर तिथली भांडी घासायची, सांजेला घरी येऊन घरचीही घासायची! "अरे श्रीपत भैया, बीवी महारानी है क्या?" लोक खिदळायचे. हा राखेनं माखलेला हात वर करून म्हणायचा, "महारानी नहीं भैया, उसकी उँगलियों की नौकरी है!"

खोटं नव्हतं ते. माया लखनवी चिकनच्या भरतकामातली जाळी काढायची. मलमलीचा एक धागाही न तोडता, सुईनं धागे बाजूला सारून राईएवढी भोकं पाडायची. कापड असं की फुंकर मारली तर उडावं, अन् बोट जरा खरबरीत असलं की अडकावं. म्हणून घरात कायदाच होता. मायानं राखेला शिवायचं नाही, मातीत हात घालायचा नाही, निजताना बोटांना साय चोळायची. तिची जाळी चौकातल्या सेठकडनं थेट अमेरिकेला जायची, नि त्या जाळीवर प्राचीची शाळा चालायची.

गेल्या पावसाळ्यात अमेरिकेनं आपल्या मालावरचा कर पन्नास टक्क्यांवर नेला. का, तर म्हणे आपण रशियाचं तेल घेतो.

"आजार रेड्याला नि डाग पखालीला," माया तेव्हा म्हणाली होती. "त्ये तेल मी प्याले व्हय?"

सेठची खोकी गोदामात पडून राहिली. दिवाळीपर्यंत काम आटलं. जानेवारीत आलूची खुदाई निघाली आणि कायदा मोडला.

रात्रीच्या हिमानं माती बर्फासारखी व्हायची, वर त्यात खत मुरलेलं. पहिल्या आठवड्यात मायाची बोटं सुजली. दुसऱ्यात फाटली. तिसऱ्यात दुखायचीच थांबली, अन् प्राचीला त्याचीच जास्त धास्ती वाटली. श्रीपत सवयीनं भांडी घासत होता, सायीची वाटी पुढं करत होता. "ह्या भेगा सायीनं बुजतात व्हय?" म्हणून माया ती साय प्राचीच्या पोळीवर घालायची.

फेब्रुवारीत, प्राचीचा पहिला पेपर चार दिवसांवर असताना, शहरबानो आली. सेठचं काम घरोघर वाटणारी ही बाई. डोक्यावर मलमलीचं गाठोडं, हातात तीळगुळाच्या गजकची पुडी.

"माया! अमरीका वालों ने टैक्स उतार दिया! बीस दिन में माल भेजना है, उठ जल्दी!"

"यस! खाला, यार, कमाल!" प्राची अंगणभर नाचली. अर्धी गजक तिनं तिथंच संपवली.

मायानं हात तीनदा धुतले, पदराला कोरडे केले. मलमल मांडीवर घेतली. तळव्यानं सारखी करायला गेली तर खर्र आवाज झाला. बोटाच्या भेगेत धागा अडकला होता. तिनं तो हळूच सोडवायला बघितलं, तशी कापडावर छापलेल्या नक्षीच्या निळ्या पानाला आडवी चुणी पडली.

शहरबानोनं तिचा हात उलटा करून बघितला.

"तू भी?" ती मटकन बसलीच. "ग्यारह घर घूम के आ रही हूँ। सबके हाथ आलू में गए।"

"वरातीमागनं घोडं," माया स्वतःशीच पुटपुटली.

शहरबानोची नजर गजकचा चुरा चाटणाऱ्या प्राचीवर गेली आणि तिथंच थांबली.

"इसकी उँगलियाँ तो मलाई हैं। बचपन में तूने ही जाली सिखाई थी ना? बीस दिन बैठा दे। इम्तिहान का क्या है, अगले साल दे लेगी।"

"मैं कर लूँगी, आई," प्राची म्हणाली. म्हणाली खरी, पण उरलेली गजक तिनं पुडीत परत बांधली.

मायानं गाठोड्याकडं बघितलं. त्यात घरचं वर्षाचं पीठमीठ होतं.

"आपा, आज उतारा है, कल फिर चढ़ा देंगे," ती म्हणाली. "तब इसको किस खेत में भेजूँ?" मग लेकीकडं न बघताच, "प्राचे, ऊठ. नळावर जा. भांडी घास."

"मैं? अभी?"

"राखंनं घास. बूड दिसंस्तवर."

शहरबानोनं मलमल गोळा केली. रागावली नाही. गाठोडं डोक्यावर घेऊन बाराव्या घराच्या वाटेला लागली.

श्रीपत कामावरनं आला तर पोरगी नळावर, कोपरापर्यंत काळी. "आण इकडं, अभ्यास कर जा," म्हणत तो काथ्या घ्यायला वाकला.

"घासू द्या तिला," आतनं माया म्हणाली. "खराब होऊ द्या बोटं. मग जाळीवर कुणी न्हाई बसवायचं तिला."

प्राचीनं काथ्या सोडला नाही. राख नखांत शिरून झोंबत होती. आत दगडावर खुरप्याला धार लावल्याचा आवाज येत होता. उद्या पलीकडच्या शेतातली खुदाई होती.