म्हशीपेक्षा मोठी थाप

आमच्या घरात एक जुना नियम आहे. कुणी कितीही मोठी थाप मारली तरी ऐकणाऱ्याने 'खोटं!' म्हणायचं नाही. 'हो का? मग पुढे?' एवढंच म्हणायचं. 'खोटं' म्हणाला तो हरला, त्याने आपली बसायची जागा सोडायची. म्हणून तर खिडकीजवळची गुबगुबीत खुर्ची माझी आहे. आमचे हे लग्न झाल्यापासून स्टुलावरच बसतात.

एका सकाळी आमची नात, ठिणगी, दप्तर मांडीवर घेऊन दारातच बसली. पोटात दुखतंय म्हणे. मी पोट दाबून पाहिलं. दुखणं पोटात नव्हतंच, शाळेतल्या बाकावर होतं. शेजारची मैत्रीण शाळा सोडून गेली होती आणि ही एकटी पडली होती.

"मग दुसरी कुणी शेजारी घे की."

"एकच उरलीये. ती नवी, मागे खिडकीपाशी बसते ती. पण आजी, ती आपल्यातली नाही. त्यांची भाषा वेगळी, केस वेगळे, डबासुद्धा वेगळा. कुणीच बोलत नाही तिच्याशी."

"आपल्यातली नाही, तर कशातली? कपाटातली?"

ठिणगीला हसू फुटलं, ते तिने गालातच दाबलं. "पण मी बोलू काय तिच्याशी?"

"बोलू नकोस. थाप मार. नियम सांग आणि खिडकीची जागा जिंकून ये. सांग तिला, माझ्या आजीची म्हैस एवढी मोठी होती की ती उभी राहिली की अख्ख्या गल्लीत संध्याकाळ व्हायची. लोक दिवे लावायचे!"

संध्याकाळी ठिणगी उड्या मारतच आली.

"ती 'खोटं' म्हणालीच नाही! तोडकंमोडकं बोलते, पण म्हणाली, 'हो का? मग पुढे?' आणि मग म्हणे, तिच्या आजीची मांजर चष्मा लावून पेपर वाचते आणि तुझ्या म्हशीसारख्या म्हशी उंदीर समजून पकडते."

माझ्या म्हशीला उंदीर? मला घासच गोड लागेना. दुसऱ्या दिवशी मी म्हशीला पोहायला शिकवलं. तिकडून निरोप आला, मांजरीने तळंच पिऊन टाकलं. ठिणगीची पोटदुखी कुठल्या कुठे पळाली. कुणीच हरेना, म्हणून दोघी खिडकीच्या बाकावर दाटीवाटीने बसायला लागल्या.

मला मात्र त्या थापाड्या म्हातारीला एकदा बघायचंच होतं. "बोलव त्या आजी-नातीला घरी," मी म्हटलं.

आल्या. म्हातारी काडीसारखी बारीक, मान खाली घालून बसलेली. आमची भाषा तिला येत नव्हती, तिची नात मधे बसून सांगायची. म्हातारीने माझ्याकडे डोळे मोठे करून पाहिलं आणि काहीतरी विचारलं.

"आजी विचारते," नवी म्हणाली, "तुमची म्हैस विमान चालवायला कुठे शिकली? आणि तुम्ही तिच्या शिंगावर बसून चंद्रावर शिवणाचा क्लास काढला, तो अजून चालतो का?"

"खोटं!" मी ओरडले. "मी असलं काही कधी सांगितलंच नाही!"

दोन्ही पोरी उसळल्या, "हरलीस! हरलीस!"

"थांबा गं! त्या मांजरीचं आधी विचार तिला."

नवीने विचारलं. म्हातारी पदराआड हसत सुटली, डोळे पुसेपर्यंत हसली.

"आजी म्हणते, तिला मांजराजवळ गेलं तरी शिंका येतात," नवी म्हणाली, "पण मांजर माझी आहे. मनातली."

मी ठिणगीकडे पाहिलं. "आणि विमान?"

"तुझ्या थापा पुरत नव्हत्या गं, आजी."

नियम म्हणजे नियम. गुबगुबीत खुर्चीत दोघी पोरी एकमेकींच्या मांडीवर पाय टाकून बसल्या आणि तिथेच थापेतल्या मांजरीला बाळं झाली, दहा, सगळी चष्म्यासकट. मी उभीच.

आमचे हे स्टुलावर जरा सरकले. "या बाईसाहेब. अर्धं तुमचं."

मी बसले. पाहुण्या म्हातारीला माझ्या हाताने पाण्याचा पेला दिला आणि नवीला म्हटलं, "तुझ्या आजीला सांग, हे स्टूल मी लग्नात हत्तीकडून जिंकलंय."

नवीने सांगितलं. म्हातारीने गंभीरपणे मान डोलावली आणि त्यांच्या भाषेत दोनच छोटे प्रश्न विचारले.

त्यांचा अर्थ मात्र मला कुणाला विचारावा लागला नाही. मी लगेच पुढचं सुरू केलं.