दोन नकाशांमधला थर

"त्या दोघांना एकदा एकाच दगडासमोर उभं कर गं. मग माझी काही तक्रार नाही," शेवटच्या आजारपणात आई म्हणाली होती, आणि छोटीने कबूल केलं होतं.

ते दोघे म्हणजे छोटीचे बाबा आणि मामा. दोघंही भूवैज्ञानिक, एकाच कार्यालयातले. तरुणपणी सर्वेक्षणाला निघाले तेव्हा वरचा नकाशा बाबांच्या वाट्याला आला, खालचा मामाच्या. दोघांनाही तांबूस वालुकाश्माचा जाड थर सापडला. बाबांनी त्याला जवळच्या ओढ्याचं नाव दिलं, मामाने टेकडीचं. पुढे दोन्ही नकाशे एकाखाली एक ठेवले तेव्हा दिसलं, की कोट्यवधी वर्षं निमूट पडून राहिलेला तो थर कागदाची कड ओलांडताच लग्न झालेल्या मुलीसारखा नाव बदलतो. माघार कोण घेणार? बाबा म्हणत, माझ्या थरात गोटे जास्त. मामा म्हणे, माझ्याचा रंग गडद. बोलणं बंद झालं ते झालंच. आईचं अर्धं आयुष्य निरोप पोचवण्यात गेलं.

आता छोटी त्याच कार्यालयात होती. पन्नाशीला आली तरी घरात छोटीच. दोन नकाशे जोडायचं काम नेमकं तिच्याच टेबलावर आलं. थर एकच आहे, असं तिने लिहून दिलं. नाव कुणाचं ठेवायचं, तिथे मात्र पेन अडलं. बाबांचं ठेवावं तर मामा कायमचा तुटणार, मामाचं ठेवावं तर बाबा ताटावरून उठणार.

तिची अडचण थरांची नावं ठरवणाऱ्या समितीने सोडवली. अध्यक्षांनी थराला आपल्या गावाचं नाव दिलं.

"पण साहेब, तुमच्या गावात हा खडक दिसत नाही," छोटी हळूच म्हणाली.

"खाली असेल की. खोदून पाहिलंय कुणी?"

कुणीच पाहिलं नव्हतं. सगळ्यांनी चहा संपवून सह्या केल्या. हरकत घ्यायची तर दोन्ही मूळ सर्वेक्षकांनी मिळून, जागेवर जाऊन मोजमाप करून घ्यावी, एवढी एक ओळ ठरावाच्या तळाशी राहिली. मेव्हण्यांची ख्याती साऱ्या कार्यालयाला ठाऊक असल्यामुळे त्या ओळीची कुणाला भीती नव्हती.

संध्याकाळी घरचा फोन वाजला. बाबांनी उचलला. त्यांना कमी ऐकू येतं म्हणून फोनचा आवाज मोठा ठेवलेला, पलीकडचं बोलणं घरभर ऐकू येई.

"ऐकलंत का, भाऊजी?" पलीकडे मामा होता.

"छोटीने सांगितलं. गाढव आहे तो."

"त्याच्या गावात नुसता चिखल आहे हो."

"तेच म्हणतो. त्यापेक्षा तुझं टेकडीचं नाव बरं."

मग मामा म्हणाला, "ओढ्याचंही तसं वाईट नव्हतं."

"बरं म्हटलंय मी. बरोबर नाही म्हटलेलं."

छोटी स्वयंपाकघरात भांडी विसळत होती. तिने नळ बंद केला आणि हात पुसले.

सकाळी तिने गाडीत दोन हातोडे ठेवले, मोजायची फीत, पाण्याच्या बाटल्या, दोन घडीच्या खुर्च्या. नकाशे मुद्दामच घरी ठेवले. बाबा सवयीने पुढचं दार उघडू लागले, तर तिने मागचं उघडून धरलं.

"मागे कशाला?"

"बसा तर खरं," ती म्हणाली, त्यांच्या शेजारच्या रिकाम्या जागेवरची धूळ झटकली आणि गाडी मामाच्या घराकडे वळवली.